यंत्रात नाव कुणाचं?



भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. इथली मिरची परराज्यांत जाते. भाव मोबाइलवर कळतो, पैसेही मोबाइलवरून फिरू लागले आहेत. व्यवहार डिजिटल झाला की गळती थांबते, वेळ वाचतो, हिशेब लपत नाही, असं उद्योगपती आणि बडे व्यापारी सांगतात. ते खोटं नाही. तोंडी हिशेबात नाडल्या गेलेल्या शेतकऱ्याला चोख पट्टी हवीच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. हा हिशेब सुरू कुठून होतो?

मिरची तोडतात त्या बाया. दिवसभर वाकून, हातांची आग सोसून. पण बाजारात माल येतो तो शेतकऱ्याच्या नावावर, आणि सरकारदरबारी शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावरचा खातेदार. केंद्र सरकारने 14 एप्रिल 2016 रोजी ई-नाम हा राष्ट्रीय कृषी बाजार सुरू केला. त्यात शेतकऱ्याची नोंद आहे, व्यापाऱ्याची आहे, मालाची प्रत, बोली, वजन सगळं आहे. तोडणारीसाठी रकाना नाही. 2021 मध्ये राज्यभर ई-पीक पाहणी आली. ते ॲप टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालं. त्यातही जमीन जिच्या नावावर नाही, तिने पेरलं, खुरपलं, तरी पीक खातेदाराच्याच नावे चढतं. यंत्र नवं आलं, पण त्याला वाचायला दिला तो जुनाच कागद.

यात कुणाची दुष्टबुद्धी आहे असं मी म्हणत नाही. इन्फोसिसचे एक संस्थापक नंदन निलेकणी 2009 मध्ये आधार योजनेचे प्रमुख झाले. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी एका आदिवासी स्त्रीला मिळाला. बाईला स्वतःची ओळख मिळाली, हे मोलाचंच. पण राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला पटत नाही, म्हणून रेशनच्या दुकानातून रिकाम्या हाती परतणाऱ्या बायाही आपण पाहिल्या आहेत. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुणाची बोटं होती?

आधी बाईला विचारलं की काय होतं, याचं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला आहे. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायांनी माणदेशी महिला बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बाया निरक्षर, अंगठा उठवणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बाया पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. 1997 मध्ये बँक उभी राहिली. पुढे डिजिटल व्यवहार आले तेव्हा पिन नंबर नको, असं सभासद बायांनीच सांगितलं. नंबर कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायी परवाना अडला, तोच त्यांनी कुलूप म्हणून मागितला. मिरची तोडणारीची गरज कदाचित निराळी निघेल. म्हणूनच तिला विचारायला हवं.

आपल्या मंडळांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. एक, 1992 च्या लक्ष्मीमुक्ती योजनेचा आधार घेऊन नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावून घ्यावं. मूळ कागद बदलल्याशिवाय यंत्र बदलत नाही. दोन, तोडणीची मजुरी ऑनलाइन द्यायची तर ती तिच्याच खात्यात जावी, नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नव्हे. आणि तिने किती किलो तोडलं याची नोंद तिच्या हातात असावी. तीन, बाजारात कोणतीही नवी पद्धत आणण्याआधी बाजार समितीने आणि व्यापाऱ्यांनी मजूर बायांची बैठक घ्यावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा.

‘बाया अडाणी, त्यांना यातलं काय कळतं?’ हे उत्तर मिळेलच. किलोवर मजुरी मोजून घेणाऱ्या बाईला वजन आणि पैसा दोन्ही कळतं. ते लिहिलं कुठे जातं, एवढंच आता तिने विचारायचं आहे, आणि आपण तिच्यासोबत उभं राहायचं आहे.