वृद्धाश्रमाची वाट आणि तहसिलीची पायरी

आर्णी तालुक्यातील उमरी पठारच्या संत दोला महाराज वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी जाण्याचा विचार ज्या वृद्धाच्या मनात येतो, त्याच्या अंतःकरणात त्याआधी पुष्कळ काही मोडून पडलेले असते. म्हणूनच खर्चाची तजवीज कशी व्हावी, ही विवंचना त्याने एकट्याने वाहू नये, अशी आमची कळकळीची मागणी आहे. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये तहसील कचेरीतून मंजूर होतात खरे. परंतु जन्मभर कापूस वेचून रेषा झिजलेला अंगठा बँकेतल्या यंत्राने नाकारला, की म्हातारी पासबुक पदरात गुंडाळून आल्या पावली परत फिरते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७च्या कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे, वकिलावाचून, साध्या अर्जावर मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, हे किती गावांत ठाऊक आहे? पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करण्यास आईचे मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. त्याच कायद्याने जिल्ह्यागणिक निदान १५० निराधारांना सामावणारे वृद्धाश्रम कल्पिले आहे. ते प्रत्यक्षात येईतो, १४५६७ हा निःशुल्क मदतक्रमांक प्रत्येक चावडीच्या भिंतीवर ठळक लिहावा आणि अर्ज घेण्यास तलाठ्याने स्वतः वृद्धाच्या ओसरीवर जावे.