दोन परीक्षा



सैतान मनुष्यास मोहात पाडू पाहतो, त्यास मराठी पवित्र शास्त्रात ‘परीक्षा’ असे म्हटले आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही हाच शब्द येतो. ईस्टर हा २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी असतो. त्यामुळे रविवार वगळून ४० दिवसांचा उपवासकाळ बहुधा आपल्या शालान्त व वार्षिक परीक्षांच्या सुमारासच येतो. या दोन परीक्षांचा संबंध केवळ शब्दापुरता नाही, असे माझे मत आहे.

या दिवसांत कोणी सामिष अन्न सोडतो, कोणी चहा, कोणी मिष्टान्न. संयमाची ही सवय चांगलीच आहे. परंतु ताटातून काय गेले एवढाच हिशेब ठेवून आपण स्वस्थ बसलो, तर उपवासकाळाचे मर्म आपल्या हाती लागले नाही असे म्हणावे लागेल.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पाहा. पहिला मोह भाकरीचा होता. भुकेल्याने भाकरी खाणे हे काही पाप नव्हे. पुढे याच प्रभूने पाच भाकरींवर पाच हजारांस तृप्त केले. मग अरण्यात त्याने नकार का दिला? कारण मोह भाकरीत नव्हता, आडवाटेत होता. पित्याने नेमलेला मार्ग सोडून स्वतःपुरता चमत्कार करावा, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून लोकांस दिपवावे, क्रूस टाळून जगाची राज्ये मिळवावी, हेच त्या तिन्ही मोहांचे सार होते. ज्यास आपले पाचारण ठाऊक आहे, त्यासच अशी आडवाट ओळखू येते.

आपल्याच महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या मानावर त्या सुखाने जगू शकल्या असत्या. परंतु त्यांनी केडगावी निराधार स्त्रियांची सेवा पत्करली, आणि साध्या बाया-माणसांस समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी हातचे काम त्यांनी सोडले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. तेही दिवस उपवासकाळाचेच होते.

मुलांनो, तुमचे आजचे पाचारण अभ्यास हे आहे. तुमच्यापुढे सैतान शिंगे घेऊन येत नाही. ‘पाचच मिनिटे मोबाइल पाहू’, ‘शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर एकदाच नजर टाकू’, असे तो हळूच कानात सांगतो. नक्कल करून मिळविलेले गुण म्हणजे क्रूस टाळून मिळविलेले राज्य होय. चहा सोडला आणि लबाडी ठेवली, तर त्या उपवासाचा उपयोग काय?

पालकांसही नम्रपणे एक गोष्ट सांगावीशी वाटते. मूल परीक्षेहून घरी येताच आपण ‘किती गुण मिळतील?’ एवढेच विचारतो. प्रामाणिकपणे मिळविलेल्या ४५ गुणांस घरात जागा नसेल, तर लबाडीने मिळविलेल्या ८० गुणांचा मोह मुलास आपणच घालीत असतो. या उपवासकाळात आपण त्या एका प्रश्नाचा त्याग करून पाहावा. त्याऐवजी ‘बाळ, आज पेपर मन लावून आणि खरेपणाने लिहिलास ना?’ असे विचारावे.

शाळेची परीक्षा काही दिवसांत संपेल आणि तिचा निकाल फळ्यावर लागेल. दुसरी परीक्षा जन्मभर चालावयाची आहे. तिची तयारी करण्यास हे ४० दिवस दिलेले आहेत. ते आपण वाया जाऊ देऊ नयेत.