आम्ही बारावीला आहोत

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ज्याच्याशी बोलायचे त्याला धरून बोलायचे असेल तर 'आपण', आणि त्याला वगळून बोलायचे असेल तर 'आम्ही'. इंग्रजीला ही सोय नाही. तिथे एकाच शब्दावर भागवावे लागते. हा भेद मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आले आहे आणि गेली वीस वर्षे मुले तो परीक्षेपुरता लक्षात ठेवीत आली आहेत. या विषयात मला स्वतःला आता नवीन काही कळायचे उरलेले नाही, अशी माझी समजूत होती. ती दूर झाली प्रवेशाच्या टेबलापाशी.

जून उजाडला की आमच्या महाविद्यालयात एक मदतकक्ष उघडतो. मदतकक्ष म्हणजे जिन्याखाली मांडलेले एक टेबल, एक संगणक आणि बहुधा बंद पडलेला पंखा. तिथे बसायचे काम दरवर्षी मराठी विभागाकडे येते. भौतिकशास्त्राच्या मंडळींना प्रयोगशाळा असते, गणिताच्या मंडळींना भाव असतो, उरतो आम्ही. अकरावीचे अर्ज, बारावीनंतरचे अर्ज, अभियांत्रिकीचे, वैद्यकीयचे, 'मॅडम, जरा एवढे बघता का' म्हणून येणारे आमचेच जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक, असा सारा बाजार त्या टेबलाभोवती भरतो.

तिथेच एकदा एक गृहस्थ माझ्यापुढे येऊन बसले. वय पन्नाशीचे, डोक्यावरचे केस बहुतेक गळालेले. म्हणाले, "मॅडम, आम्ही यंदा बारावीला आहोत." मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. मागे एक उंच, सडपातळ मुलगा दप्तर पाठीला लावून उभा होता. त्यांच्यानंतर एक बाई आल्या. "आमची नीट आहे. आम्ही फिजिक्समध्ये जरा कच्चे आहोत, पण बायॉलॉजी आमची चांगली आहे." तिसरे एकजण म्हणाले, "आम्ही कॉम्प्युटरच घेणार, दुसरे काही नाही." मी मागच्या मुलाला विचारले, "तुला काय आवडतं रे?" त्याने तोंड उघडण्याआधी वडील म्हणाले, "त्यालाही तेच आवडतं."

वाचकहो, हसण्यावारी नेण्यासारखे हे नाही. हा 'आम्ही' फुकट मिळालेला नसतो. मूल अकरावीत गेले की दोन वर्षे सबंध घरच परीक्षेला बसते. टीव्हीचा आवाज बंद होतो, गणपतीला गावी जाणे बंद होते, मावशीच्या मुलीचे लग्न फक्त जेवणापुरते होते. क्लासचे पैसे लाखांच्या भाषेत मोजले जातात आणि त्यासाठी कोणाची तरी मुदतठेव मोडलेली असते. आई पहाटे पाचला उठून डबा करते. लातूरला किंवा थेट राजस्थानात कोट्याला खोली घेऊन मुलाजवळ राहणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. इकडे नवरा खानावळीचा डबा खातो आणि रविवारी व्हिडिओवर बायकोची ख्यालीखुशाली विचारतो. एवढे सगळे केल्यावर 'आम्ही' म्हणायचा हक्क नाही, असे कोण म्हणेल?

आणि परीक्षा तरी कसल्या! नीटला 180 प्रश्न आणि 720 गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीच्या उत्तराला एक जातो. 2024 साली ही परीक्षा देशभरातून तेवीस लाखांहून अधिक मुलांनी दिली. पहिल्या निकालात सदुसष्ट जणांना पैकीच्या पैकी गुण पडले, त्यावरून केवढे काहूर उठले, वाढीव गुण मिळालेल्या 1563 जणांची फेरपरीक्षा जूनमध्ये कशी ठरली, हे सारे आपण वाचलेच आहे. त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या एका घरी मुलीचे गुण चांगले होते, पण तेवढ्याच गुणांवर आदल्या वर्षी जे मिळाले असते ते यंदा मिळणार नव्हते. बाप रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारी. कोणावर रागवावे हेही त्याला कळत नव्हते.

आपल्या राज्याची सीईटी त्या मानाने सौम्य. तिच्यात चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये, एवढे शहाणपण पुरते. पण तिचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि तिथे भल्याभल्यांची गल्लत होते. एका सद्गृहस्थांनी माझ्यादेखत मुलाला विचारले होते, "त्र्याण्णव पडले ते ठीक, पण सात मार्क गेले कुठे?" आता त्र्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत त्र्याण्णव गुण नव्हेत, परीक्षा दिलेल्या दर शंभर मुलांमधली सुमारे त्र्याण्णव तुमच्या मागे किंवा बरोबरीला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उरलेली सात पुढे आहेत. समजा तीन लाख मुले बसली असतील, तर पुढे एकवीस हजार मुले झाली. हे मी सांगितल्यावर त्या गृहस्थांचा चेहरा आणखीनच उतरला. मला वाटते, सात मार्कांचा समज राहू दिला असता तर बरे झाले असते.

पण खरी परीक्षा असते ती याच्यापुढे, पसंतीक्रमाच्या अर्जाची. कोणती महाविद्यालये, कोणत्या शाखा, आणि कोणत्या क्रमाने, हे तिथे लिहून द्यायचे असते. अकरावीला दहापर्यंत नावे देता येतात; अभियांत्रिकीला शंभर-शंभर पर्याय भरणारे उत्साही बाप आहेत. या क्रमाविषयी पालकांमध्ये एक भीती हटकून आढळते. वर आवाक्याबाहेरचे नाव घातले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल, ही ती भीती. तसे होत नाही. यंत्र गुणवत्तायादीतल्या क्रमाने एकेका मुलाकडे येते, त्याची यादी वरून खाली वाचते आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबते. तेव्हा वर मोठी आशा लिहिली म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते उलट केल्याने. नको असलेली गोष्ट हव्या असलेल्या गोष्टीच्या वर लिहिली, आणि ती मिळाली, की संपले. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते; नाकारली तर पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. यंत्राचे म्हणणे असे, की तुम्हाला हे सर्वांत जास्त हवे होते, तुम्हीच तसे लिहून दिले आहे. इथे 'तुम्ही' म्हणजे कोण, एवढे मात्र यंत्र विचारीत नाही.

माझ्या वेळी असला अर्ज नव्हता. गुणवत्तायादी फळ्यावर लागे आणि खिडकीपुढे रांग असे. दहावीला मला चांगले गुण होते; शेजारीपाजारी सगळ्यांनी मला विज्ञान शाखेत घालून टाकले होते. खिडकीतल्या कारकुनाने वडिलांना विचारले, "कोणती शाखा?" वडील पोस्टात होते, बोलणे बेताचे. ते म्हणाले, "तिला विचारा," आणि बाजूला सरकून उभे राहिले. मी म्हटले, "आर्ट्स." घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना वाईट वाटले होते, हे मला कळत होते.

हे सारे मला ठाऊक होते. यंत्राचा नियमही ठाऊक होता. टेबलापाशी बसून मी तो शंभर पालकांना समजावून दिला होता. आता पुढची हकीकत सांगते.

आमचे चिरंजीव 2023 साली बारावी झाले. आम्ही डोंबिवलीचे. लहानपणी जलद लोकलने ठाण्याकडे जाताना पारसिकचा बोगदा आला, की हा घड्याळ लावून बसायचा. सव्वा किलोमीटरच्या वर लांबीचा, 1916 साली सुरू झालेला तो बोगदा. गाडी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती सेकंद लागले, याची त्याने एक वही केली होती. डोंगर वरून खाली कसा येत नाही, हा त्याचा प्रश्न होता. त्याला सिव्हिल हवे होते. त्याने पसंतीक्रमात पहिले नाव घातले सांगलीच्या वालचंद महाविद्यालयाचे, सिव्हिल शाखा. गुण पाहता ते मिळण्यासारखे होते. आणि आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका महाविद्यालयातली कॉम्प्युटर शाखा त्याने चौथ्या क्रमांकावर लिहिली होती, तीही माझ्या आग्रहामुळे.

अर्ज पक्का करायला एक दिवस उरला होता. यजमान म्हणाले, "सिव्हिलवाल्यांना आज विचारतो कोण?" नणंदेचा पुण्याहून फोन आला, तिनेही तेच विचारले. मुलगा झोपला. पासवर्ड माझ्या वहीत लिहिलेला होता, मोबाईल माझ्या नावावर होता. मी संगणक उघडला आणि चौथे नाव पहिले केले. हात थरथरले वगैरे काही नाही. उलट, पोराच्या अंगावरचे पांघरूण नीट करावे तसे मला वाटत होते. मग अर्ज पक्का करून टाकला.

पहिल्याच फेरीत ती जागा मिळाली.

तो पडद्याकडे बघत म्हणाला, "आई, सांगलीचं वर होतं ना गं?" मी म्हटले, "काहीतरी घोटाळा झाला असेल. हल्ली ही यंत्रं..." वाक्य मी पुरे केले नाही. त्यानेही पुढे विचारले नाही. आम्ही तिघांनी जाऊन फी भरली आणि येताना भजी खाल्ली.

चौथ्या दिवशी रात्री, भात वाढता वाढता, मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "माहीत आहे मला. पावतीवर खाली वेळ छापलेली असते. पावणेबाराला मी झोपलो होतो." आणि त्याने आमटी मागितली. चार दिवस त्याला ठाऊक होते आणि चार दिवस तो माझ्या बोलण्याची वाट पाहत होता, हे मला त्या आमटीच्या वाटीपाशी समजले. त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपे गेले असते.

त्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, वर्तमानपत्रात बातमी आली. कोट्याला मुलांच्या आत्महत्या वाढल्या म्हणून तिथल्या जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला होता; वजन पडले की पंखा खाली यावा म्हणून. मी पेपर घडी करून ठेवला आणि उगाचच त्याच्या खोलीत डोकावले. तो चहात खारी बुडवून खात बसला होता. "काय गं?" म्हणाला. मी म्हटले, "काही नाही, साखर पुरली का विचारायला आले."

आज त्याचे शिक्षण बरे चालले आहे. कॉम्प्युटरचा त्याला तिटकारा नाही, हे माझे नशीब. त्यात माझे कर्तृत्व काही नाही. 'बघ, शेवटी चांगलंच झालं ना,' असे यजमान म्हणू लागले, की मी स्वयंपाकघरात निघून जाते. गाडी एखाद्या बोगद्यात शिरली, की अजून त्याची नजर घड्याळाकडे जाते. ती वही कुठे आहे, हे मी विचारलेले नाही.

तेव्हापासून जिन्याखालच्या टेबलापाशी मी एक करते. पालकांना पाच मिनिटे बाहेर चहा घ्यायला पाठवते आणि मुलाला कोरा कागद देते. पालक रागावतात. एका बाईंनी प्राचार्यांकडे माझी तक्रारही केली. कित्येक मुले त्या कागदावर काहीच लिहीत नाहीत. दोन वर्षे कोणी विचारलेलेच नसते, मग एकाएकी लिहिणार काय? एका मुलाने नुसते 'झोप' असे लिहिले होते. तो कागद मी त्याच्या वडिलांना दाखवला नाही. दाखवायला हवा होता की नको, याचा निर्णय अजून होत नाही.

आता आमची कन्या दहावी झाली. अकरावीचा प्रवेश 2025 पासून सबंध महाराष्ट्रासाठी एकाच संकेतस्थळावर होतो, तेव्हा संगणकापुढे बसणे आलेच. ती बसली. मी मटार सोलायला घेतले, कारण हातांना काहीतरी काम हवे होते. मटार जूनमध्ये किती महाग असतात, ते गृहिणींना सांगायला नको.

"आई, तुझ्या मोबाईलवर आकडा आला असेल, सांग."

मी चष्मा लावून सहाही आकडे वाचून दाखवले.

"तिसऱ्या नंबरवर तुझं कॉलेज टाकलंय. चालेल ना?"

"तिसरं का?" मी विचारले. विचारायचे नव्हते, तोंडून गेले.

"तिथे तू आहेस म्हणून."

यजमान पेपरामागे हसले. मीही हसले असेन. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आपण किती भरायचे? दहाच्या दहा?"

"तू किती भरणार आहेस?"

तिने बोटे मोजली. "सात."

"मग सात," मी म्हटले, आणि मटारांकडे वळले.