ओसरी कोणाच्या मालकीची?

सार्वजनिक संगीतगृहाच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते : खर्च किती येणार आणि ध्वनी कितपत सुधारणार. लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर उभ्या असलेल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचा इतिहास मात्र तिसराच प्रश्न पुढे करतो. ज्याच्या खिशात तिकीट नाही त्या नागरिकाचा या वास्तूवर काही हक्क आहे की नाही, हा तो प्रश्न होय.

हा हॉल उभा राहिला तो काळ सुबत्तेचा नव्हता. लंडनचे जुने क्वीन्स हॉल १९४१ च्या बाँबवर्षावात जळून गेले होते. युद्ध संपले तरी मांस आणि साखर शिधापत्रिकेवरच मिळत होती. अशा दिवसांत मजूर पक्षाच्या ताब्यातील लंडन काउंटी कौन्सिलने नदीकाठच्या एका जुन्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या जागी संगीतगृह बांधावयास घेतले. पंतप्रधान अ‍ॅटली यांनी १९४९ मध्ये कोनशिला बसविली आणि मे १९५१ मध्ये ब्रिटन महोत्सवाबरोबर हॉल खुला झाला. शेजारच्या पुलावरून आगगाड्या धडधडत जातात, म्हणून रॉबर्ट मॅथ्यू, लेस्ली मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य सभागृह खांबांवर उचलून धरले. पेटीत अंडे ठेवावे तशी ती रचना आहे. सभागृह वर गेल्यामुळे त्याच्या खाली आणि भोवती प्रशस्त, प्रकाशमान दालने निर्माण झाली. इंग्रजीत त्यांना फॉयर म्हणतात. आपल्याकडच्या घरांतील ओसरीशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. घरात आत कोणी यावे हे घरधनी ठरवितो, ओसरीवर मात्र वाटसरूही टेकतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चर्चिल यांचा हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि महोत्सवाच्या घुमटासह बहुतेक तात्पुरत्या इमारती झपाट्याने पाडून टाकण्यात आल्या. हॉल पक्का बांधलेला होता आणि मालकी कौन्सिलची होती, त्यामुळे तो राहिला.

ओसरी मात्र बत्तीस वर्षे खऱ्या अर्थाने उघडली नाही. दिवसभर दारे बंद आणि संध्याकाळी तिकीटधारकांपुरती उघडी, असाच रिवाज होता. १९८३ मध्ये केन लिव्हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखालील बृहद् लंडन परिषदेने ती दिवसभर सर्वांसाठी खुली केली. (बेकारांचा आकडा पार्लमेंटच्या समोर आपल्या छपरावर लावणारी परिषद ती हीच.) अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय विलक्षण शहाणपणाचा होता. इमारत बांधून झालेली, दिवे आणि पहारा असायचाच. आणखी हजार माणसे येऊन बसली तर वाढणारा खर्च नगण्य. ज्या वस्तूचा वाढीव उपभोग जवळजवळ फुकट पडतो तिला किंमत लावून लोकांना दूर ठेवणे म्हणजे निव्वळ नासाडी होय. थॅचर सरकारने १९८६ मध्ये ही परिषदच बरखास्त केली. तिचे मुख्यालय पुढे एका जपानी कंपनीला विकले गेले आणि आज तेथे हॉटेले व मत्स्यालय आहे. खुल्या ओसरीची प्रथा मात्र नव्या व्यवस्थापनालाही मोडता आली नाही, कारण तोवर लोकांना तिची सवय जडली होती.

या पार्श्वभूमीवर २००५ ते २००७ या काळातील पुनर्विकासाकडे पाहिले पाहिजे. सुमारे अकरा कोटी पौंड खर्चून झालेल्या त्या कामाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. सभागृहाचा कोरडा ध्वनी ही पहिल्या दिवसापासूनची तक्रार होती, तिच्यावर उपाय झाला. ओसरीच्या जागेत वर्षानुवर्षे घुसलेली कार्यालये रेल्वेमार्गालगतच्या नव्या अरुंद इमारतीत हलविण्यात आली आणि ती जागा लोकांना परत मिळाली. परंतु नदीच्या बाजूचा दर्शनी भाग दुकाने आणि उपाहारगृहे यांच्याकडे गेला. खर्चाचा मोठा वाटा राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून आला, हेही विसरता येत नाही. लॉटरीची तिकिटे आपल्या मिळकतीच्या प्रमाणात कोण जास्त घेतो, हे सांगण्याची गरज नाही. संगीतगृहाची दुरुस्ती श्रीमंतांवरील प्राप्तिकरातून होणे आणि गरिबांच्या आशेतून होणे, यांत फरक आहे.

पुढचे पाऊल २०१३ मध्ये पडले. शेजारच्या क्वीन एलिझाबेथ हॉलचा व हेवर्ड कलादालनाचा बारा कोटी पौंडांचा विकास आराखडा जाहीर झाला. त्या हॉलखालच्या काँक्रीटच्या पोकळीत १९७० च्या दशकापासून चाकांच्या फळ्यांवर कसरती करणारी मुले जमत असत. त्यांनी तेथून उठून पुलाखाली जावे, मोकळ्या झालेल्या जागेत दुकाने यावीत आणि त्यांच्या भाड्यातून कलेचा खर्च भागवावा, असा हिशेब होता. हिशेब मांडणारी माणसे दुष्ट नव्हती. सरकारी अनुदान आटत होते आणि त्यांना वाद्यवृंद जगवायचे होते. पण त्यांच्या ताळेबंदात भाडे देणारी जागा तेवढी उत्पन्न म्हणून दिसत होती. भाडे न देणारी जागा मोकळी, म्हणजे वाया गेलेली, ठरत होती. कोणाला काही न विकता चाळीस वर्षे जे चालत आले त्याची नोंद करण्याचा रकानाच त्यात नव्हता. सरकार अनुदान कापते तेव्हा ते कोणतीही इमारत विकत नाही, फक्त विकण्याची पाळी दुसऱ्यावर आणते. आणि हे सारे कलाप्रेमाच्या भाषेत घडत असल्यामुळे विरोध करणारा माणूस सहजच कलाद्रोही ठरविला जातो.

मुलांनी हार मानली नाही. त्यांनी नदीकाठी टेबले मांडून सह्या गोळा केल्या, नियोजन खात्याकडे हजारो हरकती नोंदविल्या. जानेवारी २०१४ मध्ये महापौर बोरिस जॉन्सन यांनी, म्हणजे हुजूर पक्षाच्याच माणसाने, ही जागा नष्ट करणाऱ्या योजनेला आपला पाठिंबा नाही असे सांगितले. पुढच्याच महिन्यात आराखडा बाजूला ठेवण्यात आला आणि सप्टेंबरात व्यवस्थापन व मुले यांच्यात जागा कायम राखण्याचा करार झाला. भाड्याच्या उत्पन्नावाचून क्वीन एलिझाबेथ हॉलचे काय होणार, अशी चिंता त्या वेळी व्यक्त झाली होती. अधिक आटोपशीर दुरुस्ती होऊन तो हॉल २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि त्याच्या खालच्या पोकळीचा पूर्वी बंद केलेला काही भाग २०१९ मध्ये मुलांसाठी उघडण्यात आला.