मैदानावरचा माइक कुणाच्या हाती?



विद्यापीठाच्या क्रीडामहोत्सवात बाईच्या हाती माइक दिसतच नाही, असं नाही. उद्घाटनाचं सूत्रसंचालन, पाहुण्यांचं स्वागत, आभारप्रदर्शन हे सगळं बहुधा तिच्याकडेच येतं. सामना सुरू झाला की मात्र माइक पुरुषाकडे जातो. घरातली श्रमविभागणी मैदानावरही अशी आपल्या मागोमाग येते. संस्थेतली नोकरी सांभाळून गेली सात वर्षं मी विद्यापीठ पातळीवरच्या कबड्डी आणि खो-खो सामन्यांचं मैदानावर निवेदन करते आहे. त्या अनुभवातून हे लिहिते आहे.

रेडिओवरचा समालोचक दूरच्या श्रोत्याला सामना दाखवतो. मैदानावरच्या निवेदकाचं काम वेगळं असतं. चढाई कुणाची, पकड कुणी केली, बोनस मिळाला का, लोण चढला का, किती मिनिटं उरली, हे समोरच्या गर्दीला सांगायचं. पंचांनी निर्णय दिल्याशिवाय बोलायचं नाही आणि कुठल्याही संघाची बाजू घ्यायची नाही. या कामाला खेळाचे नियम, सावध डोळा आणि स्वच्छ उच्चार लागतात. यात पुरुषालाच जमेल असं काय आहे?

‘बाईचा आवाज मैदानावर पोचत नाही,’ असं सांगितलं जातं. रेल्वेच्या फलाटावरच्या घोषणा आपण वर्षानुवर्षं बाईच्या आवाजात ऐकत आलो, त्या बऱ्या पोचतात! सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९७० च्या दशकातच क्रिकेटचं समालोचन केलं होतं. अमेरिकेत १९९३ साली शेरी डेव्हिस सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या मैदानावरच्या निवेदक झाल्या. तेव्हा प्रश्न आवाजाचा नाही. भरल्या मैदानात बाईने सांगायचं आणि पुरुषांनी ऐकायचं, हे पचत नाही.

निवेदनाची भाषाही तपासायला हवी. मुलांच्या सामन्यात ‘उत्तम पकड’ म्हटलं जातं. मुलींच्या सामन्यात तीच पकड ‘आमच्या रणरागिणीची कमाल’ होते, नाहीतर ‘नाजूक हातांची जादू’. देव्हाऱ्यात बसवलं काय किंवा नाजूक ठरवलं काय, तिने घोट्याला कधी हात घातला, हे कौशल्य सांगायचं राहूनच जातं. मी दोघांसाठी एकच वाक्य वापरते : नाव, क्रमांक, काय केलं, किती गुण. खेळाडूचं गाव आणि वसतिगृह मी माइकवरून सांगत नाही. ती माहिती गर्दीत कुणाच्या कानी पडेल, याचा भरवसा नसतो.

एका स्पर्धेत मैदानाच्या कडेला उभं असलेलं टोळकं चढाईला जाणाऱ्या मुलीच्या शरीरावरून शेरे मारत होतं. पंचांनी खेळ थांबवला आणि मी त्याचं कारण माइकवरून स्पष्ट शब्दांत सांगितलं. टोळकं निघून गेलं. सामन्यानंतर आयोजक म्हणाले, ‘बाई, तुम्ही गुण सांगा, भाषणं नकोत.’ पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. त्या संघातल्या मुलींनी लेखी मागणी केली, तेव्हा आलं.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत, त्यांत विद्यार्थिनींनाही संरक्षण आहे. पण बाहेरगावाहून स्पर्धेला आलेल्या मुलीला तक्रार कुणाकडे करायची हे कुठून कळणार? प्रायोजकांची नावं दर दहा मिनिटांनी घेतली जातात. अंतर्गत समितीचा फोन नंबर दिवसातून दोनदा सांगायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून आपल्या गटांनी जवळच्या महाविद्यालयांच्या क्रीडाविभागाकडे तीन मागण्या न्याव्यात. मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही सामन्यांना स्त्री निवेदक असाव्यात. त्यांना शाल-श्रीफळावर न बोळवता पुरुषांइतकंच मानधन मिळावं. आणि तक्रार कुठे करायची, हे प्रत्येक सत्राआधी माइकवरून जाहीर व्हावं. खेळ सोडलेल्या कितीतरी जणी नियम तोंडपाठ असूनही आज प्रेक्षकांत बसतात. त्यांना गाठा, निवेदनासाठी त्यांची नावं पुढे करा, आणि क्रीडाविभागाने काय उत्तर दिलं ते आम्हाला कळवा.