मालकाचे दान आणि कामगाराचा हक्क

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अधिकारावर येताच, २१ जानेवारी २०२५ रोजी, लिंडन जॉन्सन यांनी २४ सप्टेंबर १९६५ रोजी काढलेला आदेश रद्द केला. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरभरतीत वर्णभेद करू नये, इतकेच नव्हे तर आजवर दाराबाहेर ठेवलेल्यांना आत आणण्यासाठी स्वतःहून पावले उचलावीत, असे बंधन त्या आदेशाने घातले होते. १९६७ साली त्याचे संरक्षण स्त्रियांनाही मिळाले. अमेरिकेतील सुमारे एकपंचमांश नोकरदार अशा कंत्राटदार कंपन्यांत काम करतात, यावरून या आदेशाची व्याप्ती ध्यानात यावी. आदल्याच दिवशी सरकारी खात्यांतील 'विविधता, समता आणि समावेशन' कार्यक्रम बंद करण्याचा हुकूम सुटला होता. पुढे आठवडाभरातच समान रोजगारसंधी आयोगाच्या दोन सदस्यांना मुदत संपण्यापूर्वी काढून टाकण्यात आले आणि त्या आयोगाची गणसंख्या कित्येक महिने भरू शकली नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा अजून शाबूत आहे, हे खरे. परंतु कायदा ग्रंथात ठेवून त्याची अंमलबजावणी करणारे हात तोडायचे, ही रीत राज्यकर्त्यांना नवी नाही.

कंपन्यांनी तर हुकमाची वाटही पाहिली नाही. वॉलमार्टने नोव्हेंबर २०२४ मध्येच, म्हणजे ट्रम्प शपथ घेण्यापूर्वी, माघार जाहीर केली. जानेवारीत मॅक्डोनाल्ड्स आणि मेटा त्याच वाटेने गेल्या. टार्गेट या दुकानांच्या साखळीचे उदाहरण विशेष बोलके आहे. तिचे मुख्यालय मिनिआपोलिसचे. त्याच शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि त्यानंतर या कंपनीने कृष्णवर्णीयांना मोठमोठी अभिवचने दिली. २४ जानेवारी २०२५ रोजी तिने आपली उद्दिष्टे गुंडाळली. पाच वर्षेसुद्धा ही कळकळ टिकली नाही! उलट कॉस्टकोच्या भागधारकांनी त्याच आठवड्यात, असे कार्यक्रम सोडण्याच्या दिशेने नेणारा ठराव ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला. भागधारकांची सभा म्हणजे काही समतेचे व्यासपीठ नव्हे. पण सरकारपुढे वाकणे अपरिहार्य होते, ही इतर कंपन्यांची सबब तेवढ्याने उघडी पडली.

या प्रसंगी आपल्यातीलच काही मित्र म्हणतात की, जे गेले ते मालकांचे थोतांड होते. त्यासाठी समाजवाद्यांनी अश्रू का ढाळावेत? त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. आपल्या दुकानांत कामगार संघटनेला पाय ठेवू न देण्याबद्दल ख्यात असलेल्या वॉलमार्टने विविधतेचा गौरव करावा, यातील विसंगती कोणालाही दिसेल. संचालक मंडळावर दोन निराळ्या वर्णांचे चेहरे आले म्हणून गोदामात माल उचलणाऱ्या स्त्रीचा पगार वाढत नाही. पण एवढे मान्य करूनही या मित्रांचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही, कारण त्यांनी वेष्टनालाच वस्तू मानले आहे. वस्तू मालकांनी घडवलेली नव्हती.

ती घडवली कामगारांनी. रेल्वेच्या शयनयानांत गोऱ्या प्रवाशांची अंथरुणे घालणाऱ्या कृष्णवर्णीय नोकरांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ या समाजवादी पुढाऱ्याने १९२५ साली उभी केली. १९४१ साली युद्धसामग्रीचे कारखाने माणसांसाठी हाका मारीत होते, तरीही कृष्णवर्णीयांना दारातूनच परत पाठवीत होते. तेव्हा रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर हजारोंचा मोर्चा नेण्याची घोषणा केली. रूझवेल्ट यांनी त्यांची मनधरणी करून पाहिली. रँडॉल्फ बधले नाहीत. अखेर २५ जून १९४१ रोजी संरक्षण उद्योगातील भेदभावाला बंदी करणारा आदेश निघाला आणि मगच मोर्चा मागे घेतला गेला. जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश या आदेशाचाच वारस होय. २८ ऑगस्ट १९६३ च्या ज्या प्रचंड मोर्चाचे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे आजही स्मरण होते, त्याचेही नेतृत्व रँडॉल्फ यांच्याकडे होते, आणि त्या मोर्चाच्या नावात 'स्वातंत्र्य' या शब्दाच्या आधी 'काम' हा शब्द होता.

ट्रम्प यांच्या आदेशाच्या शीर्षकात गुणवत्तेवर आधारित संधी 'पुन्हा प्रस्थापित' करण्याची भाषा आहे. पुन्हा म्हणजे केव्हाची? नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक पॉवर कंपनीच्या एका वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना केवळ मजूर विभागात घेतले जाई, आणि त्या विभागातील सर्वाधिक पगार इतर विभागांतील सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी असे. २ जुलै १९६५ रोजी भेदभावबंदीचा कायदा अमलात आला. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने इतर विभागांतील जागांसाठी दोन लेखी कसोट्या लागू केल्या. माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्रही हवेच होते. या अटींचा कामाशी संबंध असल्याचे कंपनीला दाखवता आले नाही. प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे नोकर तेच काम नीट करीत होते आणि बढत्याही मिळवीत होते. तेरा कृष्णवर्णीय कामगार न्यायालयात गेले. ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, वरकरणी निःपक्षपाती दिसणारी, परंतु एका समाजाला बाहेर ठेवणारी आणि कामाशी संबंध नसलेली कसोटी बेकायदा होय; मालकाचा हेतू चांगला होता, एवढे सांगून भागणार नाही. याच तत्त्वाची सरकारी यंत्रणेकडून होणारी अंमलबजावणी शक्य तितकी थांबवावी, असा आदेश ट्रम्प यांनी एप्रिल २०२५ मध्ये काढला. गुणवत्तेच्या या गोष्टी महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित वाटू नयेत. १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केले होते.

वर्गाचा प्रश्न आणि वर्णाचा प्रश्न यांत विरोध पाहणाऱ्यांनी लुइझियानातील ग्रामर्सी येथील कैसर ॲल्युमिनियमच्या कारखान्याची हकीकत अवश्य समजून घ्यावी. त्या परिसरातील कामगारांत ३९ टक्के कृष्णवर्णीय होते, पण कारखान्यातील २७३ कुशल कारागिरांत अवघे पाच. कंपनी शिकलेले कारागीर बाहेरून आणी, आणि कारागिरी शिकवणाऱ्या संघटनांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. (कामगार चळवळीनेही हे पाप केले आहे, ते झाकण्याचे कारण नाही.) १९७४ साली पोलाद कामगारांच्या संघटनेने कंपनीशी करार करून कारखान्यातच प्रशिक्षण सुरू करविले आणि निम्म्या जागा कृष्णवर्णीयांसाठी राखल्या. पहिल्या वर्षी तेरा जण निवडले गेले, त्यांत सात कृष्णवर्णीय आणि सहा गोरे. त्या सहा गोऱ्यांनाही त्यापूर्वी अशी संधी नव्हती! एका गोऱ्या कामगाराने याविरुद्ध दावा लावला, तो १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. विशेष संधीचे तत्त्व संघटनेच्या हाती असले म्हणजे ते दोघांनाही वर नेते, आणि मालकाच्या हाती असले म्हणजे एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे करते, हा फरक येथे स्पष्ट दिसतो.

म्हणूनच, समतेचे कार्यक्रम मोडणाऱ्या सरकारनेच २७ मार्च २०२५ रोजी राष्ट्रीय सुरक्षेचे निमित्त करून लक्षावधी सरकारी कर्मचाऱ्यांचा सामुदायिक वाटाघाटींचा हक्क काढून घेतला, यात योगायोग काही नाही. 'विविधता गेली, आता तुमच्या पोरांना नोकऱ्या मिळतील' असे ज्या गोऱ्या कामगाराला सांगितले गेले, त्याची संघटनाही त्याच लेखणीने मोडली जात आहे.

अमेरिकेतील आपल्या मराठी बांधवांपैकी काहींना या आदेशाने समाधान वाटत असेल. त्यांनी एक तारीख पाहावी. भारतीयांना त्या देशाची दारे खऱ्या अर्थाने उघडणारा कायदा ३ ऑक्टोबर १९६५ चा. त्यावर सही त्याच जॉन्सन यांची, त्या आदेशानंतर नऊ दिवसांनी झालेली, आणि त्यामागचे बळ त्याच नागरी हक्क चळवळीचे. आपण बरोबर नेलेली जातही तेथे कामाच्या जागी पोचली आहे. पुण्यात जन्मलेल्या समाजवादी नगरसेविका क्षमा सावंत यांच्या प्रयत्नाने सिॲटलने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक मात्र तेथील डेमोक्रॅटिक राज्यपालांनी परत पाठविले. तेव्हा दोष एकाच पक्षाच्या माथी मारून चालणार नाही.

आपल्याकडे खाजगी उद्योगांत आरक्षण नाहीच. सरकारी नोकऱ्यांतले कंत्राटीकरणाने झिजते आहे. महाराष्ट्र सरकारचा बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय २०२३ च्या ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला, तो रस्त्यावरच्या विरोधामुळे. अमेरिकी कंपन्यांच्या पुणे-मुंबईतील कार्यालयांत काम करणाऱ्या आपल्या सहानुभूतिदारांनी मात्र एक गोष्ट तातडीने तपासावी. २०१३ च्या कायद्यान्वये लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, २०१६ च्या कायद्यान्वये अपंगांसाठीचे समान संधी धोरण आणि पन्नास वा अधिक नोकरदार असतील तेथे २०१७ पासून सक्तीचे झालेले पाळणाघर, ही मुख्य कचेरीची कृपा नव्हे. वॉशिंग्टनच्या आदेशाने त्यांतले काहीही रद्द होत नाही. ज्या कार्यालयात यांपैकी एखादे 'नव्या धोरणानुसार' बंद झाल्याचे तोंडी सांगितले जाईल, तेथे ते लेखी मागावे आणि कागद संघटनेकडे आणून द्यावा.