पेढीवरचा धूर आणि रक्तदाब

ज्याने उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नाही, अशा व्यापाऱ्याचा रक्तदाब पन्नाशीत वाढलेला निघाला की घरात प्रथम आश्चर्य व्यक्त होते. मग मीठ, वजन, जागरण आणि उधारीची चिंता यांच्यावर ठपका ठेवला जातो. तो बहुधा योग्यही असतो. डॉक्टरांच्या ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला ‘मुळीच नाही’ असे उत्तर मिळते आणि विषय तेथेच संपतो. दिवसभर शेजारी बसून दुसरा कोण धूर सोडतो, हे ना कोणी विचारत, ना कोणी सांगत.

ते विचारणे का आवश्यक आहे, हे जपानच्या उत्तर भागातील ओहासामा या लहान गावातील पाहणीवरून कळते. तेथील लोक आपला रक्तदाब दवाखान्यात नव्हे, तर स्वतःच्या घरी मोजून नोंदवीत. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांविषयीचे तेथील निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. रक्तदाबाचे औषध न घेणाऱ्या, पण घरी आणि घराबाहेर अशा दोन्हीकडे इतरांचा धूर सोसणाऱ्या स्त्रियांचा वरचा आकडा, धुरापासून दूर असलेल्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४ मिलिमीटरने अधिक होता. एकट्या माणसाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ, आणि केवळ अशा पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही, हेही खरे. तथापि शरीरात काय घडते ते ठाऊक आहे. धुरातील निकोटिनमुळे अॅड्रिनलिन स्रवते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यांच्या आतील अस्तरालाही धुराची झळ लागते. जपानमध्येच धूम्रपान न करणाऱ्या निरोगी तरुणांना अवघा अर्धा तास धुराच्या खोलीत बसविले, तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्यांची गरजेप्रमाणे रक्तप्रवाह वाढविण्याची क्षमता घटलेली आढळली. तो प्रयोग २००१ सालचा.

आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात, बंदिस्त जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्के लोकांना कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सोसावा लागत असल्याचे दिसले. आडत दुकान किंवा घाऊक पेढी याला अपवाद नाही. मोठे गिऱ्हाईक सौदा करता करता सिगारेट पेटविते, आणि स्वतः निर्व्यसनी असलेले शेठजीच त्याच्यापुढे राखपात्र सरकवितात! आदरातिथ्य म्हणून हे घडते. मात्र त्याची किंमत कोपऱ्यात दहा तास खतावणीवर मान घालून बसणारा मुनीम मोजतो, आणि त्याला तर बोलण्याचीही सोय नाही. वातानुकूलन यंत्राने खोली थंड होते, धूर जात नाही. बहुतेक यंत्रे तीच हवा पुन्हा फिरवितात.

मालकाला नकार देणे अवघड वाटते, तेथे कायदा उपयोगी पडतो. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कामाची ठिकाणेही धूम्रपानबंदीत येतात. प्रवेशद्वारी निदान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावणे, तसेच राखपात्र, काडेपेटी, लायटर न पुरविणे ही जागेच्या मालकाची वा व्यवस्थापकाची जबाबदारी आहे. फलकाकडे बोट दाखविले की गिऱ्हाईक सहसा रागावत नाही.

ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी घरी तो मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, आणि त्याआधीचा अर्धा तास चहा व धूर दोन्ही टाळावेत. डॉक्टरांकडे नेण्याच्या वहीत आकड्यांशेजारी आणखी एक रकाना आखावा : त्या दिवशी दुकानात वा घरात किती वेळ धुरात गेला.